झूलची कोंबडी

मंगळवारी लेमस्टरच्या लिलावघरात
किंमत फुकट सांगतात, म्हणून रांग असते.
आयड्रिस प्रोबर्ट यांनी ते आणलं
ओल्या कुत्र्याचा वास येणाऱ्या टॉवेलात.
"वॉटर्लूहून आणलंय, आमच्या घराण्यातल्या एकानं,"
आणि लगेच, हळू :
"असं वडील सांगायचे."

आधी नळीत लाकडी काडी सोडली. रिकामी.
मग भिंग. मग खिडकी.

नळीच्या बुडाशी, डाव्या अंगाला,
तांदळाच्या दाण्याएवढी एक कोंबडी.
चेष्टा नाही. शेपटी वर, टेकडीवर उभी.
म्हणजे जर्मनीतलं गाव : झूल.
बैलाच्या पाठीवरची नव्हे,
लोखंडाची.

तिच्या शेजारी कारागिराचं नाव हवं होतं.
तिथे नुसतं गुळगुळीत पोलाद,
त्यात माझी भुवई.

आईच्या पितळी पातेल्यावर
ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय,
कुणाच्या मुंजीत, कुणाकडून, तिथीसकट.
राखेनं घासून घासून
देणाऱ्याचं आडनाव गेलं,
पण उजेडात तिरकं धरलं तर
एखादी वेलांटी अजून उठते.

तसंच हे तिरकं धरलं.
एक उभी रेघ. बहुतेक 'के'.
बहुतेक ओरखडा.

"साफ कोण करतं?"
"वडील. दर रविवारी, चर्च चुकवून.
ब्रासो आणि जुना बनियन."

म्हणजे ते नाव बनियनला लागलं,
बनियन धुतला तेव्हा मोरीतून
लग नदीला मिळालं असेल.
किंवा त्याआधीच कुठे.
कारण गारगोटीचा चाप काढून
पुढे कुणीतरी टोपीचा बसवलाय,
आणि त्याचे स्क्रू बर्मिंगहॅमचे आहेत.

"मग वॉटर्लू?"
"कोंबडी तेवढं सांगत नाही."

अर्जावर 'निर्माता' ही जागा कोरी सोडली.
'अवस्था'पुढे लिहिलं : फार घासलेलं.
यानं किंमत निम्मी होते, हेही सांगितलं.
ते हसले. "म्हाताऱ्यानं निम्मे पैसे पुसले की."

टॉवेल गुंडाळून दारापर्यंत गेले,
परत आले, टॉवेल उलगडला.
"कुठे म्हणालात ती?"

मी भिंग दिलं.
मागे किटली घेऊन उभ्या बाई
दोनदा खाकरल्या.
सत्तर वर्षं घरात असलेली कोंबडी
ते पहिल्यांदा बघत होते,
एक डोळा मिटून,
नेम धरावा तसा.