टॉलरन्स

मी टर्नर. उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथसमोर उभा राहिलो,
म्हणून कंबर गेली. एवढं साधं आहे.
डॉक्टर म्हणाले, मणका सरकलाय, चार स्क्रू घालू,
महिन्यात रंकाळ्याला फेरी माराल.
मी विचारलं, स्क्रू कुठल्या मटेरिअलचे?
ते हसले. टायटॅनिअम, म्हणाले, काळजी सोडा, मिस्त्री.
मला ते आवडले होते.
आमचे वकील म्हणाले, हे तिथं बोलू नका.

सही मीच केली. इंग्रजी कागद, रात्रीचे साडेनऊ,
नर्सनं बोट ठेवलं तिथं तिथं. सात ठिकाणी.
ड्रॉइंग न वाचता मी आयुष्यात एकही जॉब लावला नव्हता.

शुद्धीवर आलो तेव्हा डावं पाऊल माझं नव्हतं.
दिसत होतं, पांघरुणाच्या टोकाला.
अक्काताई अंगठा ओढत होती,
ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.
सूज आहे, उतरेल, म्हणाले.
तीन महिने उतरत होती सूज.
मग मिरजेला सीटी केला
आणि फिल्म खिडकीच्या उजेडावर मीच धरली.
तीन स्क्रू सुतात.
चौथा आत झुकलेला,
चार मिलिमीटर.
बेंचवर आला असता
तर तांबडा खडू लावून बाजूला टाकला असता.

पण माझ्या नजरेला पुरावा म्हणत नाहीत.
दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं.
सांगलीचे म्हणाले, बघतो. अजून बघतायत.
पुण्याच्या एकानं फिल्म बघून मान हलवली,
सही मागू नका म्हणाला, फी पण घेतली नाही.
शेवटी बेळगावच्या एक निवृत्त बाई, डॉक्टर हेरवाडकर,
थरथरत्या अक्षरात दीड पान.
त्यात कामाचं वाक्य एकच:
पायातली ताकद गेल्याचं दिसताच तपासायला हवं होतं.

समोरचे वकील चांगले. आवाज चढवत नाहीत.
ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, म्हणाले,
कागदावर लिहिलेली, खाली यांची सही.
तुम्ही डॉक्टर आहात?
नाही.
मग चार मिलिमीटर म्हणजे काय, हे तुम्हाला कसं कळणार?

मी तोंड उघडलं
आणि आठवला तो शाफ्ट.
सत्त्याण्णव साल, रात्रपाळी, दिवाळीआधीची घाई,
साखर कारखान्याच्या पंपाचा जॉब,
तीन शतांश कमी उतरला माझ्या हातून
आणि मी तो पुसून, तेल लावून पेटीत घातला.
पंधरा दिवसांत बेअरिंग जळालं. माणसाला लागलं नाही, नशीब.
बाबालाल मिस्त्रीनं मला स्कूटरवर मागं बसवलं,
निपाणीच्या पुढं नेलं, त्यांच्या इंजिनिअरसमोर उभं केलं.
सांग, म्हणाला.
चुकलं माझं, म्हणालो.
परत येताना कागलला भजी खाल्ली दोघांनी.
त्यावर पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

हे सगळं आयोगापुढं कुठं सांगणार.
कळतं की साहेब, म्हणालो.
टायपिस्टनं लिहिलं: कळते.

तडजोडीचा आकडा आलाय. बरा आहे.
तिसऱ्या ओळीत लिहिलंय, चूक मान्य नाही.
पाचव्यात, कुणी कुठं काही बोलायचं नाही.
अक्काताई म्हणते, घ्या.
खर्चाची वही तिच्याकडं आहे, तिला म्हणायचा हक्क आहे.
मी वाचतोय. या वेळी सगळं वाचतोय,
कोपऱ्यातलं बारीकसुद्धा.

त्या दिवशी फाटकापर्यंत आलो
आणि मागून हाक आली, ओ मामा.
तेच वकील, समोरचे. हातात माझी डावी चप्पल.
तिसऱ्या पायरीवर राहिली होती. मला पत्ता नव्हता.
त्यांनी वाकून ती पायापाशी ठेवली,
दोन बोटांनी पट्टा उचलून धरला
आणि पाय आत जाईपर्यंत,
वेळ लागतो त्याला,
तसेच वाकून राहिले.
कंबर जपा, म्हणालो मी.