उकळू न दिलेलं पाणी

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री दोनला.
नळ आधी खोकतो, नुसती हवा सोडतो,
मग उजनी येते, कोमट, जराशी मातकट,
आणि आई बॅरल सरकवत म्हणते, आली बाई.

त्याच पाण्याला मी अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
वाफेतून एकदा फिरवून आणते,
मनगटाएवढ्या पोलादी नळीत कोंडते.
सोबत डाळिंबाची वाळकी साल,
सांगोल्याच्या ज्यूसवाल्यानं फुकट दिलेली.
इरण्णा फिटर नट आवळतो,
कानडीत कुणाला तरी शिव्या घालतो, बहुतेक नटालाच.

शंभरला पाणी उठून निघू पाहतं.
आम्ही जाऊ देत नाही.
सव्वाशे. दीडशे. दाबाचा काटा थरथरतो.
एकशे ऐंशीच्या पुढे
त्याची एकमेकांत गुंतलेली बोटं सैल होतात
आणि ज्यांच्याशी जन्मात बोललं नाही
त्या तेलाशी, राळेशी, सालीतल्या रंगाशी
ते बोलायला लागतं.
हेक्झेनचा ड्रम लागत नाही. टोल्युइन लागत नाही.
थंड झालं की
झालंगेलं विसरून
पुन्हा पाणी.

हे लिहायला सोपं.
तीनदा रंग जळाला, हातात कोळशाचा चुरा.
चौथ्यांदा गॅस्केट गेलं,
शेडभर एकदम ढग, आणि इरण्णाचा चष्मा आजतागायत सापडला नाही.
पाचव्यांदा सुताची एक लड उतरली,
हळदीला माती लागावी अशी.

ती मी नायनाला दाखवायला नेली.
नायना टॉवेलच्या कारखान्यात डाग काढायचा.
मागावरून आलेले ग्रीसचे ठिपके,
त्यांच्यावर पिस्तुलानं औषध मारायचं, ब्रशनं घासायचं,
खिडकी नसलेल्या खोलीत, एकतीस वर्षं.
'पाण्यानं तेल निघालं असतं
तर मला पगार कशाला दिला असता?'
हे तो हसून सांगायचा, पाहुण्यांना.

त्यानं लड नाकाशी धरली. जुनी सवय.
मी घाईनं म्हणाले,
बघ नायना, कसलाच वास नाही!
तो बराच वेळ हुंगत राहिला.
'मला कुठं येतो आता,' म्हणाला,
'तुझी आई भाजी करपली तरी मलाच विचारते,
आणि मी हो म्हणतो.'

लड त्यानं दिव्याखाली उलटीपालटी केली,
गाठ बघितली, ओढून बघितली.
रंगाबद्दल काही बोलला नाही.

रात्री दोनला नळ खोकला.
मी उठले तर तो आधीच बॅरलपाशी.
'हेच का ते?'
हेच.
ताटातल्या शेंगाचटणीचं तेल
त्याच्या बोटाला अजून होतं.
बोट पाण्यात बुडवलं, काढलं.
तेलाचा बारीक टिकला वर तरंगत राहिला,
बल्बच्या उजेडात सात रंगांचा.

'घेत नाही की गं.'

इथं नाही घेत, नायना.

'मग उद्या मला तिकडं ने,' तो म्हणाला,
आणि तांब्यानं तो टिकला अलगद काढून
तुळशीच्या कुंडीबाहेर, जपून, ओतला.