मागोमाग

कौटोकेनोच्या पठारावर मार्चचा बर्फ
वरून कडक, आत भुसभुशीत.
रेनडिअर खुरानं उकरतो,
नाक खुपसून दगडफुलाच्या नात्यातलं काहीतरी चघळतो
आणि पुढं जातो.

त्या खड्ड्यात मग उतरते पांढरी हिमकोंबडी.
एखादी खुरटी डहाळी, गोठलेलं काळं बोर,
जे त्याला नकोच होतं.
तो मागं वळून बघत नाही.
तिचंही काही म्हणणं नसतं.

रिस्तेन काठीवर हनुवटी टेकून कळप मोजते,
आकडा कुणाला सांगत नाही.
कोंबड्या तर मोजतच नाही कुणी.

आंते गेल्यापासून तिच्या गुडघ्यांना
ताजा बर्फ तुडवणं झेपत नाही.
पहाटे युहानची स्नोमोबाइल तळ्याकडे जाते,
जाळं बघायला.
तासाभरानं ही निघते
त्याच दाबलेल्या वाटेवरून,
चुलीपुरती बर्चची लाकडं ओढत.

सांगावं का त्याला, असं एकदा वाटलं होतं.
पण मग तो वळणावर थांबला असता,
गुडघ्यांची चौकशी केली असती,
लाकडं उचलली असती,
आणि ते उपकार झाले असते.

आज वाट जरा रुंद आहे,
दोनदा गेल्यासारखी.
जाळ्यासाठी
एवढी लागत नाही.