हळू गा, रिबकाबाई

अकरा वर्षांपूर्वी, नाताळच्या सरावाला,
पेटीवरचा हात न उचलता मी म्हणालो होतो,
'रिबकाबाई, तुम्ही जरा हळू गा.'
बायका हसल्या.
तीही हसली, पदर तोंडाला लावून.

तिचा सूर खरंच कुठल्या पट्टीत नव्हता.
आम्ही काळी दोन धरावी
तर ती निघालेली कुंडलिकेच्या पलीकडे, भंगार बाजाराकडं,
वाटेत भेटेल त्याला हाक मारत.
आठवडाभर मोसंबीच्या अडतीवर सडकं फळ निवडायची.
प्रभुभोजनाचा प्याला तिच्या हातून माझ्याकडे यायचा
तेव्हा द्राक्षरसाच्या आधी
मला मोसंबी कळायची.

हळू म्हटलं, तर ती इतकी हळू झाली
की पुढच्या रविवारपासून नुसते ओठ हलायचे.
मला वाटलं, बरं झालं.
गायनमंडळ सुधारलं. अंबडच्या संमेलनात
आमचं नाव झालं.
मी साक्षही दिली तिथं:
आज्ञापालन म्हणजे काय, बंधूंनो?
आपला सूर सोडून देणं.
आणि उदाहरण म्हणून तिला उभं केलं.
ती उभी राहिली.

परवा, मिशन दवाखाना, जालना, खाट नऊ.
उशाखाली गीतांची वही, नातीच्या अक्षरात.
हिला वाचता येत नाही,
पण कुठल्या पानावर काय, ते बोटांना ठाऊक.
मी प्रार्थना केली, आमेन म्हटलं, घड्याळ पाहिलं.
उठणार तेवढ्यात तिनं बाही धरली.

'मास्तर, एक इचारू का?
वर गेल्यावर तरी
मोठ्यानं गाता यील का ओ?
का तिथंबी पेटी तुमच्याकडंच?'

टोमणा नव्हता तो.
रेशनच्या दुकानात विचारावं, साखर आलीय का,
तसं विचारलं तिनं.

स्वर्गावर मी किती बोललोय.
काचेचा समुद्र, पांढरे झगे,
आणि पुष्कळ पाण्यांच्या गर्जनेसारखा तो आवाज.
पुष्कळ पाणी जालन्यात कुणी पाहिलंय?
आमच्या गल्लीत दहाव्या-बाराव्या दिवशी नळ येतो.
आधी नुसती हवा. पाइप खोकतो, गुरगुरतो,
मग गढूळ, तांबडं, थांबत थांबत,
मग एकदम धो धो, की बायका भांडण विसरतात.
कुठल्या पट्टीत येतं ते?
कधी कुणी म्हटलंय त्याला, जरा हळू?

देवानं गा म्हटलं होतं तिला. मी हळू म्हटलं.
अकरा वर्षं ती माझं ऐकत होती
आणि मी ते त्याच्या खात्यावर मांडत होतो.

'वर कशाला,' मी म्हणालो, 'आत्ता गा.'
'आत्ता?' तिनं शेजारच्या खाटेकडं पाहिलं,
मग सिस्टरकडं, मग पुन्हा माझ्याकडं,
अजूनही परवानगीसाठी.

मान हलवली मी. बोलता आलं नाही.
पेटी घरी राहिली होती, ही एक कृपाच.
तिनं वही न उघडताच छातीवर घेतली, तोंड उघडलं.

आधी नुसती हवा आली.