धार

बाबुटीचं धोतर सुटायचं तिसऱ्या मिनिटाला.
दोरा सगुणमामाच्या करंगळीत,
करंगळी वाकली की धोतर खाली,
आणि पार्सेच्या जत्रेत पार खाज्याच्या दुकानांपर्यंत
हशा.
मी तेव्हा झांज वाजवायचे. वय बारा.
मला वाटायचं, हेच ते. याच्यापुढे काय असतं?

परतताना टेंपोत, बाहुल्यांच्या पेटीवर बसून
मामा म्हणाला, ते शेजाऱ्याला हसले.
प्रत्येकाला वाटलं, सुटलं ते बाजूच्याचं.
मग विडी विझवून, बराच वेळानं :
एकदा तरी सगळ्या मंडपाचा हात
आपापल्या कनवटीला जायला हवा.

त्याला पादण्याचं वावडं नव्हतं, हे सांगितलेलं बरं.
बाबुटी पादायचा. सरपंचाच्या भाषणात,
आरतीच्या आधी, आरतीच्या नंतर.
आरतीत मात्र नाही.
भीतीनं नव्हे. "ताल चुकता," म्हणायचा.

एका वर्षी समोरच दुसरा खेळ लागला.
रंगीत दिवे, कर्णा, आणि एक मासळीवाली बाहुली
जिची छाती स्प्रिंगवर.
लोक जास्त हसले. खोटं कशाला बोलू, मीही.
मंडपाच्या कडेला चणे विकत बसलेली शेवंती
हशा आपल्यापर्यंत पोचताना बघत होती.
पोचला तसं तिनं
टोपलीवरचं फडकं पुढे ओढलं.
मामानं त्या खेळाला टाळ्या दिल्या, कारण दोरे छान हलत होते,
आणि उठताना तिच्याकडून दोन पुड्या चणे घेतले,
भूक नसताना.

पावसाळ्यात तो पांगारा कोरायचा.
पटाशी घासली की आधी स्वतःच्या अंगठ्यावर टेकवायची,
तिथं बारीक पांढऱ्या रेघा, पुसट, वर्षानुवर्षांच्या.
लाकडावर बघ की, मी म्हणायचे.
लाकूड सांगत नाही गो, म्हणायचा.

मग डोंगरावरचं भाट गेलं.
बावीस काजी, एक आंबा, बावडी.
मामीचं ऑपरेशन, भावांच्या सह्या,
एक-चौदाच्या उताऱ्यावर पाचव्या महिन्यात नवं नाव.

आणि त्या वर्षीचा खेळ :
बाबुटी भाट विकतो.
गिऱ्हाईक म्हणून बाहुली नव्हतीच,
दोऱ्याला टांगलेला नुसता काळा चष्मा,
अधांतरी, थोडा तिरका.
बाबुटी नोटा मोजतो, थुंकी लावून,
मोटारसायकल घेतो, आपटतो, परत घेतो.
मंडप लोळतोय. मी झांज सोडून पोट धरलेलं.
चष्मा खाली वाकतो. मामाच्याच घशातून, पण मऊ :
"आता खंय रावतलो रे, बाबुटी?"
"थंयच."
"थंय खंय?"
"गेटीर."
आणि पाठ फिरवतो. अंगात निळा शर्ट,
पाठीवर छापलेल्या शब्दातलं
एवढंसं एक अक्षर त्याला मावलेलं.

हशा उठला. उठला तो अर्ध्यावर
कुठंतरी अडकला, पंखा अडकावा तसा.
तिसऱ्या रांगेत तीन जण होते
ज्यांची रात्रपाळी त्या दिवशी दुसऱ्यांनी घेतली होती.
मी हात बघत होते. काही खिशाकडे गेले,
काही नुसतेच मांडीवर.
एकजण ओरडला, "धोतर सोड रे, धोतर!"
मामानं करंगळी वाकवली.
धोतर खाली.
आत खाकी पँट, कडक इस्त्रीची.

पेटी बांधताना विचारलं, हे लोकांना लागलं तर?
मामा बाबुटीचा शर्ट काढून घडी करत होता,
आपल्याच जुन्या शर्टाचा तुकडा,
कोपरावर विरलेला भाग वापरलाच नव्हता त्यानं.

सकाळी सहाला तो ड्युटीवर.
गेट, बोगनवेल, खुर्ची, मागे आमची बावडी
जिला आता निळ्या फरशा.
रस्त्यावरून कुणीतरी मोटारसायकलवर जाता जाता
"काय रे बाबुटी!"
मामा उठला आणि सलाम ठोकला,
करंगळी तेवढी वाकलेली.