चार लाख सदतीस हजार

चार लाख सदतीस हजार सहाशे बारावर
काटा थांबलेला.
"तिथनं पुढं किती पळली, देवाला ठाऊक,"
आदगोंडा म्हणाला. खोटं बोलला नाही,
म्हणून मी घासाघीस कमी केली.

रोज रात्री दीडला छापखान्यातनं गठ्ठे भरायचे
आणि गगनबावड्याचा घाट उतरून उजाडताना कणकवली.
अकरा वर्षं. आत अजून शाईचा वास.
मागचं मॅटिंग उचललं तर खाली पत्राच नव्हता,
उद्यमनगरची सडक दिसत होती,
आणि गंजलेल्या काठाला चिकटून एक राशिभविष्य.
कन्या : प्रवास टाळावा.
मी कन्याच.
सोळा वर्षांपूर्वीचं होतं, मुदत संपली असणार.

दस्तगीर मिस्त्रीनं आधी बॉनेट उघडलंच नाही.
गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवतात तसा
नुसता हात ठेवला. "चालू करा."
काळा धूर वरच्या तारांपर्यंत गेला.
त्यानं डोळे मिटले, ऐकलं.
"बोअर करावं लागंल. पंप उतरवाय लागतोय. पाटे बसल्यात.
पण आक्काताई, क्रँक जिवंत हाय."
असं तोंडावर सांगणारा माणूस बरा.
ह्यांच्या वेळी डॉक्टर
भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होता.

पोरगा पुण्याहून : "एवढ्या पैशात किचन झालं असतं, आई."
झालं असतं की.
पण बावीस वर्षं केएमटीत घंटी मी मारली
आणि गाडी दुसऱ्यानं हाकली.
गंगावेश ते कागल, कागल ते गंगावेश.
कागलच्या पुढं निपाणी, हे पाटीवर वाचलेलं.
फेरी तिथं वळायची,
मीही वळायचे, चिल्लर मोजत.

चार महिने लागले. दोन सांगितले होते.
क्लचप्लेट राजकोटहून यायची ती आलीच नाही,
मग शिरोलीतनं एक जुनी.
डाव्या बाजूचा पत्रा कापून खिडकी काढली
तेव्हा तुकडा खणकन पडला
आणि गठ्ठ्यांच्या जागेवर ऊन येऊन बसलं.
तुकड्यावर पेपरचं अर्धं नाव, नुसतं "वार्ता".
तो आता शेगडीच्या मागं, तेल उडू नये म्हणून.
झोपायला भंगारातली दोन बाकडी जोडली, आमच्याच डेपोतली.
एकीच्या पाठीवर करकटकानं कोरलेलं कुणाचं तरी प्रेम,
नंतर खोडलेलं.
सुतार म्हणाला, पॉलिश मारू?
नको म्हटलं.

आरटीओत साहेबानं कागद उलटसुलट केला.
"ह्यातनं काय नेणार?"
"मला."

शेंडा पार्कात दस्तगीरचा भाचा इरफान शिकवायला.
वय एकोणीस, आणि ओरडायचा सासऱ्यासारखा :
"क्लच सोडताना दम धरा की!"
आयुष्यभर मी लोकांना म्हणाले, पुढं सरका, पुढं सरका.
आता पुढं सरकताना
पाय थरथरत होता.

मंगळवारी एकटी निघाले.
लक्ष्मी टेकडीला एका बाईनं हात केला,
पाटीत वांगी, वर ओला टॉवेल.
थांबायचं नव्हतं. थांबले.
तिनं आत बघितलं : शेगडी, पाण्याचा कॅन, पडदा.
"ही कुठली म्हणायची गाडी?"
"बसा. कागलला सोडते."
उतरताना तिनं वीस रुपये पुढं केले.
"तिकीट नसतंय ह्याला."
तिनं चार वांगी ठेवली बाकड्यावर.

ती गेली, आणि मी तशीच थांबून राहिले,
दोन्ही हात स्टिअरिंगवर.
कशाची वाट बघतोय, ते ध्यानात यायला
जरा वेळ लागला.
मागनं उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न मारला.
काटा, दस्तगीरनं फुकट नीट करून दिलेला,
सहाशे एकसष्टवर.
घाईत पहिला पडलाच नाही, दुसऱ्यावरच उचलली.
गाडीनं दोन आचके दिले
आणि निघाली.