डावा पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
मला ते बघायला दर शुक्रवारी
दोनशे मैल गाडी हाकावी लागते.

आज केसलर फ्लॅट. टेक्सासचा हा पश्चिमेकडचा तुकडा
इतका सपाट की उद्याचा पाहुणा आजच दिसावा.
कापसाची जिनिंग, पाण्याची टाकी,
टाकीवर अकरा वर्षांपूर्वीच्या विजयाचा पोपडे धरलेला रंग,
आणि गावाहून मोठं स्टेडियम.
मी सर्वांत वरच्या बाकावर, मांडीवर कागद:
कॉर्बिन यँडेल, क्वार्टरबॅक, वय सतरा.
उंची सहा फूट दीड इंच.
आईच्या मते दोन. प्रत्येक आईच्या मते दोनच.
पंजा सव्वानऊ.
वजन अजून यायचंय.

पहिला पास सुटला आणि मी पेन खाली ठेवलं.
चेंडू मळसूत्रासारखा फिरत
दिव्यांच्या वरच्या अंधारात गेला
आणि पळणाऱ्या पोराच्या ओंजळीत
ठेवल्यासारखा उतरला.
पेन उचलायला लावलं ते सातव्या पासाने.
बाहेरच्या रेषेकडे फेकताना
याचा डावा पाय अर्धा श्वास उशिरा पडतो.
अर्धाच. इथे तेवढ्याने काही बिघडत नाही.
मोठ्या कॉलेजात तेवढ्यात
दोनशे ऐंशी पौंडांचा माणूस
दार न वाजवता घरात येतो.

मी चुकलोय, लपवत नाही.
रँडल स्ट्रूब. हात नव्हे, तोफ.
मी लिहिलं होतं, हा नक्की.
आता तो लबकमध्ये टायर विकतो.
माझ्या गाडीचे चारही त्यानेच बसवले,
पैसे जरा कमीच घेतले.
त्या सवलतीवर मी अजून फिरतोय.

सामना संपला, गाव हरलं,
लोक खुर्च्या घड्या घालून निघाले.
पोरगा खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून
कुंपणाशी आला.
"किती दिलेत, सर?"
बेरीज चाललीय, मी म्हटलं.
"डावा पाय ना?"
मी गप्प.
"ठाऊक आहे. चौथीत ट्रेलरखाली सापडला होता.
घाई असली की अजूनही
मला विचारून मगच टेकतो."

मग आवाज खाली आणून म्हणाला,
"त्यांचा चोवीस नंबर बघितलात?
तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी मुद्दाम मान डावीकडे वळवली,
फेकला उजवीकडे. हा आधीच उजवीकडे उभा!
मान नाही, पाय वाचत होता माझा.
तुम्ही वरून बघितलंत ते त्याने पळता पळता बघितलं.
जर्सीवर अबुंदीस लिहिलंय.
त्यांच्या शाळेत कुणी येत नाही, सर,
कागद घेऊन."

अडीच तास बसलो होतो मी.
माझ्या कागदावर चोवीस हा आकडा
कुठेच नव्हता.

गाडीत, छताच्या पिवळ्या दिव्याखाली:
हात उत्तम. पाय उशिरा.
मैदानाची नजर, पाचपैकी.
इथे मी बराच वेळ थांबलो.
हा रकाना विचारतो, हातात चेंडू असताना
पोराला काय दिसतं.
हरल्यावर, बर्फ वितळून दंडावरून ओघळत असताना
त्याला काय दिसतं, ते विचारत नाही.
पाच लिहिले.
खाली, ठरलेल्या चौकटीत,
ठरलेले शब्द: आपल्यासाठी नाही.
दोन्ही खरं आहे. दोन्हीखाली सही माझीच.

हमरस्त्याच्या फाट्यावर
पाहुण्या संघाची पिवळी बस माझ्या पुढे होती,
मागच्या काचेत पेंगणारी डोकी,
एक मात्र ताठ, मागे वळून रस्ता बघणारं.
माझं घर उजवीकडे.
बस डावीकडे वळली.
मीही वळलो,
अर्धा श्वास उशिरा.